सांचा, चित्र व उजेड



गेल्या वर्षीं विज्ञान-प्रदर्शनाच्या तयारीचे दिवस होते. दुपार उलटली होती. आमच्या वर्गाची पश्चिमेची खिडकी वाशीच्या खाडीकडे उघडते. आणि त्या वेळीं खाडीचें पाणी असें चकाकत होतें कीं, तिकडे पाहून मान आंत वळविली म्हणजे फळ्यावरील अक्षरें क्षणभर दिसेनाशीं होत. इतक्यांत नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी माझ्याजवळ आला व म्हणाला, "सर, आमच्या गटानें प्रदर्शनासाठीं पॉवरपॉइंटचा एक सांचा घेतला आहे. इंटरनेटवर एका ठिकाणीं ती फाइल दिली म्हणजे तिचें एच. डी. आर. चित्र करून मिळतें, आणि तेंहि फुकट. मीं काल तसें करून घेतलें. फाइल मोठी झाली. पण चित्र होतें तसेंच दिसतें. मग जास्तीचा उजेड गेला कोठें?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. त्यामागें एक दुसरीहि अडचण होती. त्या गटाच्या मनांत आपल्या तक्त्याखालीं 'आम्ही तयार केलेलें एच. डी. आर. चित्र' असें ठळक अक्षरांत लिहावयाचें होतें. तें लिहावें कीं लिहूं नये, हें त्या एका उत्तरावर अवलंबून होतें. तें उत्तर त्या दिवशीं मीं त्याला थोडक्यांत दिलें. येथें तेंच जरा विस्तारानें, सर्वांच्या उपयोगी पडेल अशा रीतीनें मांडतों. पालकांनींहि हा लेख वाचावा अशी विनंती आहे. कारण त्यांतील एक भाग मुलांपेक्षां त्यांच्याच कामाचा आहे.

सांचा म्हणजे काय?

आपल्या नवी मुंबईपासून पेण फार दूर नाहीं. तेथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत ज्यानें एकदां काम पाहिलें असेल, त्याला सांच्याचें मर्म निराळें सांगावयास नको. सांच्यांतून मूर्तीचा आकार निघतो. परंतु मूर्तीचे डोळे सांचा आखीत नाहीं. ती आखणी कसबी कारागीर स्वतःच्या हातानें करतो, आणि तेव्हांच मूर्ति आपल्याकडे पाहते असें वाटतें. सांच्यांत जें कोरलें असेल तेंच मूर्तींत उतरतें. अधिक कांहीं हवें असेल तर तें बाहेरून आणावें लागतें. ही साधी गोष्ट मनांत धरून ठेवावी. पुढें ती उपयोगी पडेल.

पॉवरपॉइंट हा कार्यक्रम १९८७ सालीं प्रथम मॅकिन्टॉश संगणकासाठीं बाहेर पडला. तो फोरथॉट नांवाच्या कंपनीनें तयार केला होता. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें ती कंपनी विकत घेतली. भाषण करतांना एकामागून एक पानें पडद्यावर दाखवावीं, हा त्याचा हेतु. प्रत्येक वेळीं रंग, अक्षरांचें वळण, मथळ्याची जागा, कोपऱ्यांतील बोधचिन्ह हीं पुनः ठरवीत बसूं नये, म्हणून तीं एकदांच ठरवून ज्या फाइलींत ठेवितात ती सांच्याची फाइल, म्हणजेच टेम्प्लेट. जुन्या फाइलींच्या नांवाच्या शेवटीं पी-ओ-टी हीं अक्षरें येत. २००७ सालच्या ऑफिसपासून पी-ओ-टी-एक्स हीं चार अक्षरें येऊं लागलीं.

ही नवी फाइल वरून एक दिसते, पण ती वस्तुतः एक गांठोडें आहे. तिची एक प्रत काढून प्रतीच्या नांवाचा शेवट झिप असा केला व ती उघडली, तर आंत अनेक लहान फाइली दिसतात. कोठें रंगांची यादी, कोठें मथळा कोणत्या जागीं बसवावा याची मापें, कोठें चित्रें, तर कोठें फाइल करणाऱ्याचें नांव. मथळ्याचें अक्षर तेथें चित्र म्हणून नसतें. 'अमुक अक्षर, अमुक वळणाचें, अमुक आकाराचें, अमुक जागीं काढा' अशी आज्ञा असते. म्हणून तें अक्षर कितीहि मोठें केलें तरी त्याच्या कडा फाटत नाहींत, आणि मजकूर हवा तेव्हां बदलतां येतो. सारांश, सांचा हें चित्र नव्हे. चित्र कसें काढावें याची ती लेखी सूचना आहे.

उजेडाचा हिशेब

आतां एच. डी. आर. चित्राकडे वळूं. उजेडाची फार मोठी व्याप्ति ज्यांत नोंदवितां येते, असें चित्र, इतकाच या तीन अक्षरांचा अर्थ. पण ही व्याप्ति केवढी असते याची कल्पना आपणांस सहसा नसते. एखाद्या जागेवर किती उजेड पडतो तें लक्स या मापानें मोजतात. भर दुपारच्या उन्हांत हें माप सुमारें १,००,००० लक्स भरतें. दिवे लावलेल्या वर्गांत तें ३०० लक्सच्या आसपास असतें. पौर्णिमेच्या चांदण्यांत एका लक्सच्या चौथ्या भागाच्या आसपास. म्हणजे ऊन व चांदणें यांत सुमारें चार लाख पटींचें अंतर झालें. आपला डोळा थोडा अवधि मिळाला तर या दोन्हींत वाट काढतो. म्हणूनच त्याचें कौतुक.

संगणकावरील साधें चित्र मात्र फार कंजूष हिशेब ठेवतें. चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. त्यांतील प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यासाठीं तांबडा, हिरवा व निळा असे तीन आंकडे लिहिलेले असतात, आणि साधारण चित्रांत प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंतच असूं शकतो. तीन रंगांच्या मेळानें १,६७,७७,२१६ छटा होतात, हें खरें. परंतु कोणत्याहि एका रंगाच्या उजेडाच्या पायऱ्या २५६ च. शेवटची पायरी २५५ ची. तिच्यावर पांढरा कागद उभा, तिच्यावरच दुपारचें आकाश उभें, आणि तिच्यावरच सूर्यहि उभा! कागदापेक्षां सूर्य हजारों पटींनीं तेजस्वी; पण वहींत तिघांचीहि नोंद २५५. ज्या वहींत शंभराच्या वर आंकडा लिहिण्याची सोय नाहीं, त्या वहींत सावकार व मजूर यांची मिळकत सारखीच दिसावयाची.

ही अडचण दूर करण्याची एक सुंदर युक्ति आहे. आपल्या महानगरपालिकेचें अंदाजपत्रक कधीं चाळलें असेल, तर तक्त्याच्या माथ्यावर 'आंकडे लाखांत' अशी ओळ तुम्हीं पाहिली असेल. त्या एका ओळीमुळें खालचे सारे आंकडे लहान राहतात आणि तरी मोठी रक्कम सांगतात. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत ग्रेग वॉर्ड या संशोधकानें १९८५ सालीं रेडियन्स नांवाच्या कार्यक्रमावर काम सुरू केलें. इमारत बांधण्यापूर्वींच तिच्या खोल्यांत ऊन व दिवे यांचा उजेड कसा पडेल, हें गणितानें काढावें, हा त्या कार्यक्रमाचा उद्देश. त्यासाठीं त्यानें चित्राची जी फाइल योजिली, तिच्या नांवाच्या शेवटीं एच-डी-आर हीं अक्षरें येतात. तींत प्रत्येक ठिपक्यासाठीं तीन ऐवजीं चार आंकडे असतात. पहिले तीन रंगांचे. चौथा त्या तिघांचा समाईक घातांक, म्हणजे 'आंकडे लाखांत' या ओळीसारखा. फरक इतकाच कीं, येथें ती ओळ प्रत्येक ठिपक्यासाठीं निराळी असते, आणि पट दहाच्या नव्हे तर दोनच्या घातांनीं धरितात.

उदाहरण घेऊं. एका ठिपक्यांत तांबडा उजेड १, हिरवा अर्धा व निळा पाव आहे. या फाइलींत तो १२८, ६४, ३२, १२९ असा लिहितात. वाचतांना चौथ्या आंकड्यांतून १२८ वजा करावयाचे, राहिला १, म्हणून दोनचा पहिला घात, म्हणजे २. आतां १२८ ला २५६ नें भागून २ नें गुणिलें कीं १ आलाच. दुसऱ्या ठिपक्यांत हाच रंग हजारपट तेजस्वी आहे असें समजा. तो २५०, १२५, ६२, १३८ असा लिहितात. १३८ मधून १२८ गेले, राहिले १०. दोनचा दहावा घात १,०२४. आणि २५० ला २५६ नें भागून १,०२४ नें गुणिलें कीं बरोबर १,००० येतात. हिरव्याचे त्याच रीतीनें ५०० येतात. निळ्याचा आंकडा खरें म्हणजे ६२.५ यावयाचा, पण अपूर्णांकाला जागा नसल्यानें ६२ च राहिला. म्हणजे २५० ऐवजीं २४८ आले. एवढी चूक डोळ्याला कळत नाहीं. हजारपट उजेड, आणि खर्च फक्त एका आंकड्याचा! गणिताच्या तासाला घातांक शिकतांना 'याचा उपयोग काय?' असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण वहींत उतरून घ्यावें.

रूपांतर होतांना काय घडतें?

आतां आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. सांच्याची फाइल इंटरनेटवरील त्या ठिकाणीं दिली म्हणजे आंत चार गोष्टी क्रमानें घडतात.

पहिली, फाइल आपल्या संगणकावरून निघून दुसऱ्या कोणाच्या संगणकावर पोंचते. दुसरी, तो संगणक गांठोडें सोडून त्यांतील सूचनांप्रमाणें पान आखतो. येथें पहिला धोका. आपण वापरलेलें देवनागरी अक्षरांचें वळण त्या संगणकावर नसेल, तर तो दुसरें एखादें वळण घेतो. मग ओळी सरकतात, आणि कधीं कधीं जोडाक्षरें तुटून विद्यार्थ्याचें शुद्ध मराठी अशुद्ध दिसूं लागतें. तिसरी, आखलेल्या पानाचे ठिपके पाडले जातात. हल्लींच्या रुंद पानाचें माप १३.३३ इंच व ७.५ इंच असतें. इंचाला ९६ ठिपके धरले, तर आडवे १,२८० व उभे ७२०, मिळून ९,२१,६०० ठिपके होतात. या क्षणापासून अक्षर हें अक्षर राहत नाहीं, ठिपक्यांचा पुंजका होतें. मजकूर दुरुस्त करण्याची सोय गेली, पानांतील हालचाली गेल्या, दुवे गेले, पारदर्शक भागांची पारदर्शकताहि गेली, कारण रेडियन्सच्या फाइलींत तिच्यासाठीं जागाच नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. प्रत्येक ठिपक्याचा ० ते २५५ मधील आंकडा उजेडाच्या मापांत बदलावा लागतो. १२८ म्हणजे २५५ च्या निम्मा उजेड, असें कोणालाहि वाटेल. पण तें खरें नाहीं. पडद्यावरील चित्रांचे आंकडे डोळ्याच्या सोयीनें मांडलेले असतात. अंधाऱ्या छटांना अधिक पायऱ्या व उजळ छटांना कमी, अशी ती वांटणी आहे. त्या हिशेबानें १२८ म्हणजे पूर्ण उजेडाच्या फक्त २२ टक्के. निम्मा उजेड १८८ च्या सुमारास येतो. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमानें ही दुरुस्ती केली नाहीं, तर मिळालेलें चित्र फिकट, धुऊन काढल्यासारखें दिसतें.

हीं चारहि कामें बिनचूक झालीं असें धरूं. तरी हातीं काय आलें? साध्या चित्रांत ठिपक्याला ३ आंकडे, म्हणून २७,६४,८०० आंकडे लिहावे लागत. आतां ४ आंकडे, म्हणून ३६,८६,४००. (फाइल लिहितांना सारखे आंकडे एकत्र बांधून ही संख्या कमी करतां येते, ती गोष्ट निराळी.) फाइल फुगली ती यामुळें. परंतु सांच्यांतील अति उजळ रंग पांढरा. त्याचा आंकडा २५५. त्याचा उजेड १. त्यापलीकडे एकहि ठिपका जात नाहीं, कारण सांच्यांत तसें कांहीं लिहिलेलेंच नव्हतें. लाखों पटींचा उजेड मावेल अशा रांजणांत आपण तांब्याभर पाणी ओतलें. रांजण मोठा, म्हणून पाणी वाढलें नाहीं. 'जास्तीचा उजेड गेला कोठें?' याचें उत्तर हेंच कीं, तो गेला कोठेंहि नाहीं. तो आलाच नव्हता.

मग असें रूपांतर सर्वस्वीं निरर्थक आहे काय? तसेंहि नाहीं. घनाकृति देखावे रचणाऱ्या कार्यक्रमांत उजेडाचें गणित सरळ मापांतच चालतें. तेथें एखाद्या सभागृहाचा देखावा रचावयाचा असेल, आणि समोरच्या पडद्यावर आपलें पान झळकतांना दाखवून त्याचा उजेड पहिल्या रांगेवर पडलेला दाखवावयाचा असेल, तर पानाचें असें चित्र कामास येतें. त्याचा उजेड किती पट करावा हें मग आपण ठरवावयाचें. पण हा उपयोग ज्याला ठाऊक आहे त्यानेंच तो करावा. तक्त्यावर लावण्यासाठीं किंवा पडद्यावर दाखविण्यासाठीं साधें पी-एन-जी चित्र पुरेसें असतें, आणि तें पॉवरपॉइंटमध्यें घरच्या घरीं काढतां येतें.

खरें एच. डी. आर. चित्र

तर मग खरी मोठी व्याप्ति चित्रांत यावी कशी? ती निसर्गांतून मोजून आणावी लागते. ही धडपड जुनी आहे. १८५० नंतरच्या दशकांत गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचीं चित्रें घेत असे. आकाश नीट यावें तर लाटा काळ्या पडत, लाटा नीट याव्या तर आकाश कोरें होई. म्हणून तो समुद्र व आकाश यांच्या कांचा निरनिराळ्या घेऊन एकाच कागदावर छापूं लागला. आपल्या मुंबईंतहि १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. पुढें १९९७ सालीं पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनीं बर्कली येथील विद्यापीठांत एक रीत प्रसिद्ध केली. एकाच देखाव्याचीं कमी-अधिक उजेडाचीं अनेक छायाचित्रें घेऊन त्यांतून प्रत्येक ठिपक्याचा खऱ्या प्रमाणांतील उजेड गणितानें काढण्याची ती रीत होय. यांपैकीं मलिक हे कानपूरच्या आय. आय. टी. चे पदवीधर, हें येथें मुद्दाम नमूद करावेंसें वाटतें.

हा प्रयोग शाळेंत करतां येतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं तो त्याच पश्चिमेच्या खिडकीवर केला. मोबाइल तिकाटण्यावर पक्का बसविला. हातानें मापें ठरविण्याची सोय ज्या कॅमेऱ्यांत असते तींत इतर सर्व मापें कायम ठेवून फक्त उजेड घेण्याचा काळ बदलला : प्रथम सेकंदाचा १,००० वा भाग, मग २५० वा, मग ६० वा. प्रत्येक वेळीं उजेड सुमारें चौपट होत गेला. पहिल्या चित्रांत खाडी, पूल व ढग स्वच्छ, वर्ग काळोखांत. तिसऱ्यांत फळा व बांकें स्वच्छ. खिडकी कोरी पांढरी. मग तीं चित्रें जोडणाऱ्या कार्यक्रमानें प्रत्येक ठिपक्यासाठीं ज्या चित्रांतील नोंद विश्वासार्ह, ती अधिक धरून एकच फाइल तयार केली.

एक चूकहि झाली, ती सांगितली पाहिजे. पहिल्या खेपेस पुलावरून लोकल जात होती. तीन चित्रांत ती तीन जागीं आली, आणि जोडलेल्या चित्रांत गाडीचीं तीन भुतें दिसूं लागलीं. देखाव्यांतील वस्तु स्थिर असल्या पाहिजेत, हा धडा त्यामुळें कायमचा शिकलों. ठाणे खाडीला २०२२ सालीं रामसर पाणथळींच्या यादींत स्थान मिळालें. तेथील रोहित पक्ष्यांचे थवे पाहून ज्यांना हा प्रयोग करण्याची इच्छा होईल, त्यांनीं थवा उडण्यापूर्वींच काम उरकावें!

फाइल जाते कोठें?

आतां पालकांसाठीं दोन शब्द. 'ऑनलाइन' या शब्दानें असा भास होतो कीं, काम हवेंत कोठें तरी होतें. तसें नसतें. तें कोणा तरी मालकाच्या यंत्रावर, कोणत्या तरी इमारतींत होतें. आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची औद्योगिक वसाहत पूर्वीं रसायनांच्या कारखान्यांसाठीं ओळखली जात असे; आतां ऐरोली, रबाळे, महापे या भागांत संगणकांची मोठमोठीं भांडारें उभीं राहिलीं आहेत, आणि थंड हवेवर व अखंड विजेवर तीं रात्रंदिवस चालतात. मुलानें दिलेली फाइल अशा एखाद्या शेजारच्या इमारतींत जाईल किंवा समुद्रापलीकडे जाईल. कोणत्या हातांत जाईल व तेथें किती दिवस राहील, हें मुलाला कळत नाहीं.

आमच्या त्या विद्यार्थ्याची फाइल मीं उघडून पाहिली. सांचा त्याच्या वडिलांनीं गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेसाठीं केलेल्या सादरीकरणावरून घेतलेला होता. सादरीकरण सांचा म्हणून जतन केलें तरी त्यांतील पानें आपोआप पुसलीं जात नाहींत. पहिल्या पानाचा मजकूर मुलानें बदलला होता. दुसऱ्या पानावर सभासदांचीं नांवें, खोल्यांचे क्रमांक व दूरध्वनि तसेच होते. वक्त्याच्या टिपणांत कोणाकडे किती थकबाकी आहे तेंहि होतें. हें सर्व एका अनोळखी ठिकाणीं फुकट चित्राच्या मोबदल्यांत गेलें होतें. मुलाचा चेहरा एकदम उतरला. त्याचा हेतु वाईट नव्हता. गांठोड्यांत काय आहे हें त्यानें सोडून पाहिलें नव्हतें, इतकेंच. त्यानें घरीं जाऊन वडिलांना सर्व सांगितलें, आणि वडिलांनीं रागें न भरतां सोसायटीच्या सभासदांना स्वतः कळविलें. दोघांचेंहि मला कौतुक वाटलें.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्यांत १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलें आहे, आणि तिची वैयक्तिक माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची खातरजमा होईल अशी संमति घ्यावी, अशी तरतूद केली आहे. पण कायदा कितीहि चांगला असला तरी उंबरठ्यावरची सावधगिरी घरच्यांनींच बाळगली पाहिजे. फाइल बाहेर देण्यापूर्वीं तिची प्रत करावी. नको तीं पानें व टिपणें काढून टाकावीं. फाइलीच्या माहितींतील नांव पुसावें. त्याहून बरें म्हणजे तिला घराबाहेर पाठवूंच नये. लिब्रेऑफिस हा विनामूल्य कार्यक्रम सांच्याची फाइल उघडून पानाचें पी-एन-जी चित्र काढतो, आणि ब्लेंडर हा तसाच विनामूल्य कार्यक्रम त्या चित्राची रेडियन्स फाइल करूं शकतो. दोन्ही कामें आपल्याच टेबलावर होतात.

शेवट

प्रदर्शनाच्या दिवशीं त्या गटानें दोन चित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं : एक सांच्यापासून रूपांतरित केलेलें, दुसरें तीन छायाचित्रें जोडून केलेलें. समोर संगणकावर उजेड कमी-जास्त करण्याची एक सरकती पट्टी होती. येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणत, "उजेड कमी करून पाहा." पहिल्या चित्रांत उजेड कमी केला कीं पांढरा भाग राखाडी होई, आणखी कमी केला कीं काळा, त्यांतून नवें कांहीं निघत नसे. दुसऱ्या चित्रांत मात्र उजेड उतरूं लागला कीं कोऱ्या खिडकींतून हळुहळू ढग उमटत, मग पूल, मग पाण्यावरची चकाकी. खरें-खोटें ओळखण्याची याहून सोपी परीक्षा मला ठाऊक नाहीं.

पहिल्या चित्राखालीं त्यांनीं लिहिलें होतें : 'ही फाइल एच. डी. आर. आहे, चित्र नाहीं.' दुसऱ्याखालीं लिहिलें होतें : 'हा उजेड आम्हीं मोजला.' बक्षीस त्यांना मिळालें नाहीं. पण परीक्षकांपैकीं एक गृहस्थ त्या पट्टीशीं बराच वेळ खेळत राहिले, आणि जातांना त्यांनीं मुलांना ती फाइल लिहिण्याची रीत पुनः विचारून घेतली. पेणच्या कारागिराप्रमाणें डोळे स्वतःच्या हातानें आखल्याचें समाधान त्या मुलांना त्या दिवशीं लाभलें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका ठिपक्यांत तांबडा उजेड ४, हिरवा २ व निळा १ आहे. रेडियन्सच्या फाइलींत तो कोणत्या चार आंकड्यांनीं लिहाल?

२. पानाचे आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके पाडले, तर साध्या चित्रांत व रेडियन्सच्या फाइलींत प्रत्येकीं किती आंकडे लागतील?

३. आपल्या घरांतील कोणत्या जागीं खिडकी व कोपरा यांच्या उजेडांत सर्वांत मोठें अंतर आहे? तेथें वरील प्रयोग करून तीनहि चित्रांत काय दिसलें व काय हरवलें, तें दहा ओळींत लिहा.

४. घरच्या वडील माणसांच्या संमतीनें एखाद्या सांच्याची प्रत उघडा, आणि तींत कोणाकोणाची कोणती खाजगी माहिती राहून गेली आहे, याची यादी त्यांच्यासमवेत करा. यादी शाळेंत आणूं नये.